मुनाफ – परत करणे

कॅसेटवर गाणाऱ्याचं नाव नाही, अल्बमचंही नाही,
निळ्या बॉलपेनने एवढंच: मुनाफ – परत करणे.
मुनाफ परकार, जहाजावर फिटर,
नेवार्कच्या बंदरात कुणाकडून तरी भरून आणलेली.
अँटॉप हिलच्या गच्चीवर हातात ठेवत म्हणाला,
हे लोक गात नाहीत रे, भांडतात,
पण तालात.

पहिल्यांदा लावली तेव्हा वाटलं, टेप अडकली.
तोच ढोल, पियानोचा तोच फुटका तुकडा,
पुन्हा तोच, पुन्हा तोच.
पेन्सिल घालून गुंडाळली, परत लावली,
तरी तेच.
चौथ्या दिवशी डोक्यात शिरलं
की अडकणं हीच चाल आहे,
आणि त्या अडकलेल्या जागेत
एक माणूस उभा राहून सगळं सांगतोय.

काय सांगतोय ते कळायला वर्ष गेलं.
दोनशे पानी वही, देवनागरीत इंग्रजी,
रिवाइंड, प्ले, रिवाइंड, प्ले,
हेड झिजलं, आईने बॅटऱ्यांचा हिशेब मागितला.
कॉर्नर म्हणजे नाका.
स्टूप म्हणजे पायरी, जिच्यावर आम्हीही बसायचो
वॉचमन उठवेपर्यंत.
आणि दर तिसऱ्या गाण्यात
त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद.

मी लिफ्टच्या धंद्यात आलो ते त्यामुळे नाही,
आयटीआयत तेवढीच एक जागा उरली होती.
पण चेंबूरला, सायनला, चौदाव्या मजल्याच्या वर,
मशीनरूममध्ये रिले पडतात: टक्, टक्-टक्, टक्,
तेव्हा ग्रीसचा हात मांडीवर चालू होतो
आणि माझा हेल्पर सिद्राम
वायरच्या भेंडोळ्यावर बसून म्हणतो,
दादा, तुमचा अमेरिकावाला आला.

साईड ए-चं शेवटचं गाणं अर्धं होतं.
पंचेचाळीस मिनिटं संपली म्हणून
तो म्हणतो, आणि माझी आई –
खट्.
तेवीस वर्षं
आणि माझी आई, खट्.

काय केलं असेल तिने?
मी पुरी करायचो ओळ, रोज वेगळी.
आणि माझी आई पाणी आलं म्हणून चारला उठते.
आणि माझी आई रेशनकार्डावर माझं नाव शोधते.
आणि माझी आई म्हणते, इतकं बोलतोस,
दुकानदारासमोर तोंड का शिवतोस?
मशीनरूमचं दार लावून
मोटरच्या आवाजावर चढून ओरडायचो,
यमक जुळो न जुळो,
खाली लोक समजायचे, लिफ्टवाला फोनवर भांडतोय.

परवा भाच्याने, ओजसने, मोबाईलवर काढून दिला
अख्खा अल्बम, धुतलेला, पुसलेला.
म्हणाला, मामा, ओरिजिनल.
मला तो आधी खोटाच वाटला.
खरखर नाही, दुसऱ्या गाण्यातला तो डचका नाही
जो मला त्याचा श्वास वाटायचा
आणि निघाला मुनाफच्या खिशातल्या चुंबकाचा.
ढोल मात्र तोच,
छातीच्या डाव्या बरगडीखाली
बरोब्बर त्याच जागी.

मग ते गाणं.
अंगठा फोनवर, थांबवू की नको.
आणि माझी आई
झोपलीय, हळू बोल.

बस्. एवढंच.
आणि तिथून पुढे सव्वादोन मिनिटं
ढोल दाबलेला, जणू उशीखाली,
तो कुजबुजत यमकं जुळवतो
एका खोलीच्या घरात
भिंतीकडे तोंड करून.

तेवीस वर्षं मी बरोब्बर तिथेच ओरडत होतो.

ओजस म्हणाला, काय झालं?
म्हटलं, काही नाही, लई भारी अल्बम आहे.
मुनाफ आता दापोलीला पेव्हर ब्लॉक विकतो,
कॅसेट त्याने कधी मागितली नाही,
मी दिली नाही, देणार नाही.

फोनवरचा ऐकतो हल्ली, कामावर जाताना.
ती ओळ आली की बोट आपोआप वर जातं,
आणि तिकडून काही तुटत नाही तेव्हा
मीच तोंडाने वाजवतो
खट्.
मग ऐकतो पुढचं,
हळू.